एमपीएससी-यूपीएससीत आधी अपयश आलंय आणि परत द्यायचीय? गावखेड्यातून येणारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी मी आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो आणि दिवसभर फोनवर मेसेज येत असतात, दारव्हा, मेहकर, मूर्तिजापूर, आर्वी, चिमूर, आरमोरी, कुठूनही. पोट्टे वेगळे पण प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून इथे एका जागी लिहून ठेवतोय. पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी हे नाही, ज्यांचे एक-दोन किंवा जास्त अटेम्प्ट गेलेत त्यांच्यासाठी आहे. राज्यसेवा (एमपीएससीची) आणि यूपीएससी दोन्हीचं आलंय, कुठलं कशाचं ते त्या त्या उत्तरात लिहिलंय.

१. दादा, माझे काही अटेम्प्ट झाले, अजून किती वेळा देता येते आणि वय किती चालते?

यूपीएससी नागरी सेवा: खुला आणि ईडब्ल्यूएस असेल तर ३२ वर्षांपर्यंत ६ वेळा, ओबीसी ३५ पर्यंत ९ वेळा, एससी-एसटी ३७ पर्यंत कितीही वेळा. दिव्यांगांना वयात अजून सूट आहे. वय परीक्षेच्या वर्षाच्या १ ऑगस्टला मोजतात.

राज्यसेवा: खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. एमपीएससीने २०२० च्या शेवटी यूपीएससीसारखी अटेम्प्टची मर्यादा जाहीर केली होती, मग २०२२ मध्ये ती मागे घेतली, त्यामुळे इथे वय हीच मर्यादा. वय कोणत्या तारखेला मोजणार ते प्रत्येक जाहिरातीत दिलेलं असतं, तेच बघा, मित्राने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, राज्यात तुम्ही ज्या प्रवर्गात आहात तोच केंद्रात असेल असं नाही. ते प्रश्न १४ मध्ये आहे आणि ते वाचल्याशिवाय आपले किती अटेम्प्ट उरले याचा हिशोब करूच नका.

२. फॉर्म भरला होता पण पेपरला गेलो नाही, तो अटेम्प्ट धरतात का?

नाही धरत. यूपीएससीत पूर्व परीक्षेचा एक जरी पेपर दिला तरच अटेम्प्ट मोजला जातो. पण सकाळचा पेपर देऊन, तो बेकार गेला म्हणून दुपारी सीसॅटला (गणित-आकलनाचा दुसरा पेपर) न बसता घरी आलात तरी तो मोजला गेला.

म्हणून यूपीएससीचे थोडेच उरले असतील आणि तयारी झालेली नसेल तर "अनुभवासाठी" बसू नका. अनुभव घरी घड्याळ लावून पण येतो. एमपीएससीला ही अडचण नाही, तिथे मिळेल ती प्रत्येक परीक्षा द्या.

३. परत सुरुवात करायची म्हणजे पहिल्या पानापासून सगळं वाचायचं का?

नाही. सगळ्यात जास्त वर्षं इथेच वाया जातात. निकाल लागला की आठ-पंधरा दिवस दुःख, मग नवीन वही, नवीन टाईमटेबल, आणि परत इतिहासाचं पहिलं प्रकरण. प्राचीन भारत एकदम तोंडपाठ आणि अर्थव्यवस्था दरवर्षी अर्धीच राहते, असे कितीतरी जण मला माहीत आहेत. कपाशीत जिथे उगवलं नाही तिथेच आपण खाडे भरतो, त्यासाठी अख्खं वावर मोडत नाही.

तर आधी कुठे उगवलं नाही ते शोधा. त्यासाठी तुमच्या हातात कागद आहेत. एमपीएससीत उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळते, आयोग आधी पहिली उत्तरतालिका टाकतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका येते. अंतिम तालिका घेऊन बसा, एका दिवसात नाही होत, दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि प्रत्येक प्रश्नासमोर चारपैकी एक खूण करा: माहीत होतं आणि बरोबर आलं, माहीत होतं पण चुकलं, अंदाज मारला, माहीतच नव्हतं.

मागच्या वर्षी अभ्यासिकेतल्या एका पोरीसोबत मी हे करून बघितलं. ती ठामपणे सांगत होती की माझं विज्ञान कच्चं आहे, सहा महिने विज्ञानच करणार. खुणा मोजल्या तर विज्ञानातले "माहीतच नव्हतं" अगदी थोडे निघाले, आणि राज्यव्यवस्थेत "माहीत होतं पण चुकलं" ची नुसती रांग लागली होती. "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" या प्रश्नात तिने बरोबर विधान गोल केलेलं, परत परत. तिला विज्ञानाचं पुस्तक नको होतं, प्रश्नातला "चुकीचे" शब्द पेनने अधोरेखित करायची सवय पाहिजे होती.

यूपीएससीचे पूर्व परीक्षेचे मार्क अंतिम निकालानंतर दिसतात, उशीर होतो खरा, पण प्रश्नपुस्तिका घरी आणता येते, त्याच दिवशी संध्याकाळी आठवून त्यावर स्वतःची उत्तरं मार्क करून ठेवा. आठ दिवसांनी आठवत नाही.

मुख्य परीक्षेत किंवा मुलाखतीत अडकला असाल तर प्रश्न ६ आणि १५ बघा.

४. जास्त प्रश्न सोडवले म्हणून निगेटिव्हने गेलो असं सगळे म्हणतात. किती सोडवायचे?

आकडा कुणी सांगत असेल तर ऐकू नका, हिशोब करून बघा. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न २०० मार्क, चुकलं तर पाव कट म्हणजे अर्धा मार्क. यूपीएससीत पण १०० प्रश्न २०० मार्क, पण एक तृतीयांश कट, म्हणजे ०.६६.

समजा तुम्ही ७५ सोडवले, ४८ बरोबर आणि २७ चूक. एमपीएससीत ८२.५ होतात. आता उरलेल्यातले १७ निव्वळ तुक्क्याने मारले आणि चारच बरोबर आले, म्हणजे १३ चूक, तर ८४. दीड मार्क वाढला. तेच यूपीएससीत ७८ चे ७७.३३ होतात. म्हणजे डोळे झाकून मारलेल्या तुक्क्याने सरासरी फार बिघडत पण नाही आणि फार मिळत पण नाही. चारपैकी दोन पर्याय नक्की उडवता आले तर मात्र दोन्हीकडे मारायलाच पाहिजे, त्यात स्पष्ट फायदा आहे.

मार्क जातात ते दुसऱ्याच ठिकाणी. ज्या प्रश्नात तुम्हाला वाटलं की दोन उडवले आणि खरं उत्तर त्या उडवलेल्या दोघांतच होतं, तिथे. प्रश्न ३ मधल्या "माहीत होतं पण चुकलं" ह्या खुणा जास्त असतील तर तुमचा आजार अंदाज मारणं हा नाहीच, अर्धवट वाचन आहे. त्यावर उपाय एकच, पुस्तकं कमी करा आणि तीच परत वाचा.

आणि कट-ऑफचं दडपण घेऊन पेपर सोडवू नका. यूपीएससी पूर्वचा खुल्या गटाचा कट-ऑफ २०२० ला ९२.५१ होता, २०२३ ला ७५.४१ वर आला आणि २०२४ ला परत ८७.९८. पेपर जसा तसा तो हलतो, हॉलमध्ये बसून कुणालाच कळत नाही.

५. सीसॅट फक्त क्वालिफायिंग आहे ना, मग त्यात काहून जातो मी?

क्वालिफायिंग आहे म्हणूनच. कुणी करत नाही. ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६ लागतात, ऐकायला सोपं आहे, पण २०२३ चा यूपीएससीचा सीसॅट ज्यांनी दिला त्यांना विचारा. पहिल्या पेपरात चांगले मार्क आणि सीसॅटला गचके, असे खूप होते.

आपल्याकडच्या मुलांचं दोन प्रकारे अडते. एक तर दहावीनंतर गणित सुटलेलं असते, कला शाखेवाल्यांचं जास्त. दुसरं, यूपीएससीचा पूर्वचा पेपर फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नाही, आणि उताऱ्याचं हिंदी भाषांतर इतकं जड असते की इंग्रजी परवडलं. म्हणून यूपीएससीवाल्यांनी रोज एक इंग्रजी उतारा घड्याळ लावून सोडवायचाच. एमपीएससीत पेपर मराठीत पण येतो, तिथे वेळ हीच खरी अडचण, २ तासात ८० प्रश्न. मागच्या वर्षांचे पेपर काढा आणि पूर्वच्या आधी आठवड्यातून एक पूर्ण सोडवा, पूर्ण दोन तास, मधे पाणी प्यायला उठायचं नाही. आठवी-नववी-दहावीची गणिताची पुस्तकं गावातल्या कुण्या पोराकडे पण मिळतात, टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, सरासरी एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

६. राज्यसेवा मुख्य आता लेखी झाली, माझी जुनी सगळी तयारी वाया गेली का?

ज्ञान वाया जात नाही, पण सवय बदलावी लागते. आधी पर्यायवाली मुख्य होती. नवीन पद्धत २०२३ पासूनच येणार होती, पुण्यात मुलांचं मोठं आंदोलन झालं आणि मग ती २०२५ पासून लागू झाली. आता मराठी आणि इंग्रजी ३००-३०० चे पेपर, दोन्हीत नुसतं २५ टक्के घेऊन पास व्हायचं, मग निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर २५० चे आणि वैकल्पिक विषयाचे दोन २५० चे, झाले १७५०. मुलाखत २७५. एकूण २०२५. यूपीएससीचा आराखडा पण हाच आहे, त्यामुळे आता एकाच तयारीत दोन्ही देता येते. ज्यांनी आतापर्यंत यूपीएससीचं नाव घ्यायला पण भीती वाटते म्हणून सोडलं होतं त्यांनी परत विचार करा.

जुन्यांचं अवघड कुठे जाते? माहिती खच्चून भरलेली आहे पण पानावर उतरत नाही. कलम क्रमांक पाठ आहे, पण "राज्यपालांच्या भूमिकेची चर्चा करा" म्हटलं की सहा ओळीत संपते. आणि हात चालत नाही, अक्षरशः. कितीतरी वर्षं नुसते गोल रंगवले, आता ३ तास सलग लिहायचं म्हणजे दुसऱ्या तासाला मनगट दुखते. यूपीएससीत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी २० प्रश्न असतात, म्हणजे एकाला ९ मिनिटं. आजपासून रोज दोन उत्तरं लिहा, वाचून झाल्यावर नाही, वाचता वाचता. अभ्यास पूर्ण झाला की लिहीन म्हणणाऱ्याचं लिहिणं कधीच सुरू होत नाही.

७. उत्तर लिहितो पण मार्क येत नाहीत, तपासायला इथे कुणी नाही. काय करू?

मागे कापूस उत्पादकांच्या समस्यांवर एकाने उत्तर दाखवलं. पहिली ओळ, "शेतकरी हा आपल्या देशाचा कणा आहे." मग अर्ध पान कर्जबाजारीपणा, निसर्गाचा लहरीपणा, शासनाने लक्ष द्यावे. हे उत्तर मुंबईत बसून कापूस कधी न पाहिलेला माणूस पण लिहू शकते. मी त्याला म्हटलं वही बंद कर आणि तुझ्या वावराचं सांग. तर म्हणे, दादा आमचं कोरडवाहू आहे, पाऊस पंधरा दिवस लांबला की दुबार पेरणी, वेचणीला बाई मिळत नाही, मिळाली तर किलोमागे मजुरी इतकी की भाव पडला तर वेचून पण परवडत नाही, आणि फरदड (हंगाम संपल्यावर पण ठेवलेली कपाशी) ठेवली की बोंडअळी पुढच्या वर्षाला जागा धरते. मी म्हटलं हेच लिहायचं होतं ना बाप्पा!

आम्ही मग ते परत लिहिलं. २०१७ चं गुलाबी बोंडअळीचं नुकसान आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा, कोरडवाहू क्षेत्र, वेचणीचा खर्च, फरदड न घेण्याचा सल्ला आणि तो का पाळला जात नाही. तेवढ्याच शब्दात उत्तर भरीव झालं.

आपल्या आजूबाजूला अशी उदाहरणं भरलेली आहेत. वनहक्कावर लिहायचं तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं आणि नंतर बांबूच्या विक्रीचा हक्क गावाने मिळवलेलं. पाण्यावर लिहायचं तर अकोला-अमरावती-बुलडाण्यातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा (खाऱ्या पाण्याचा भाग), किंवा वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण. कुपोषणावर मेळघाट. प्रादेशिक असमतोलावर १९५३ चा नागपूर करार, ३७१(२) कलम आणि वैधानिक विकास मंडळं. लोणार २०२० मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेलं ते पर्यावरणात. फक्त सगळ्या उत्तरात विदर्भच कोंबू नका, एका उत्तरात एक पुरे, आणि आकडा पक्का असेल तरच लिहा.

तपासायला दोघं-तिघं एकमेकांची वही बदला. समोरच्याने फक्त तीनच गोष्टी बघायच्या: जे विचारलं तेच लिहिलं का, उदाहरण आहे का, वेळेत झालं का. भाषेच्या चुका नंतर. जवळच्या कॉलेजात राज्यशास्त्राचे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक असतात, महिन्यातून एकदा चार वह्या घेऊन गेलात तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

८. वैकल्पिक विषय बदलू का?

मार्क पाहून ठरवा, टॉपरची मुलाखत पाहून नाही. विषयाचे दोन्ही पेपर एकदाच कमी आले असतील तर बदलू नका, लिहायचा सराव वाढवा. परत परत कमी आले आणि विषय वाचायला पण कंटाळा येत असेल तरच बदला. बीएस्सी ॲग्रीवाल्यांना कृषी, मराठी चांगलं असेल तर मराठी साहित्य, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना जमते. तुमचा विषय मराठीतून लिहिता येतो का ते अभ्यासक्रमातच आधी बघा, पुस्तकं घेतल्यावर नाही.

९. यावेळी पुण्याला जाऊ का?

पहिल्या वेळेला जाण्यात अर्थ असतो, वातावरण कळते, कुठलं पुस्तक, कसे पेपर. रिपीटरला ते सगळं माहीत असते. खोली, मेस, लायब्ररी मिळून महिन्याला दहा-बारा हजार सहज जातात आणि ते बाबांच्या सोयाबीनमधून किंवा आईच्या बचतगटाच्या कर्जातून येत असतील तर त्या पैशाचं दडपण पेपरच्या दिवशी डोक्यावर बसते. माझं मत असं की पूर्वपर्यंत गावात किंवा तालुक्यात राहा, मुख्यला पात्र झालात तर दोन-तीन महिने टेस्ट सिरीजसाठी जा, आणि ती पण आता घरी बसून देता येते.

घरी टीव्ही, पाहुणे, भांडणं असतील आणि तालुक्यात अभ्यासिका नसेल तर गोष्ट वेगळी. मग नागपूर किंवा अमरावती बघा, खर्च पुण्यापेक्षा कमी आणि घर जवळ.

१०. फुकट क्लास किंवा स्टायपेंड मिळते का? आधी एकदा घेतला असेल तर?

एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबी यांच्यासाठी सारथी, ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसी (विशेष मागास) यांच्यासाठी महाज्योती (हिचं मुख्य ऑफिस नागपुरातच आहे), आदिवासींसाठी टीआरटीआय. जाहिरात येते, चाळणी परीक्षा असते, निवड झाली की प्रशिक्षण आणि विद्यावेतन. शिवाय नागपूर आणि अमरावतीला सरकारी प्री-आयएएस प्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते. आधी अशा योजनेचा लाभ घेतला असेल तर परत मिळते का, ही अट त्या जाहिरातीत आधी वाचा आणि खरं तेच लिहा, नंतर उघड झालं तर पैसे परत करायची पाळी येते.

११. घरी शेतीचं काम करावंच लागते, अभ्यास कसा बसवू?

बारा तासांचं टाईमटेबल करूच नका, ते शहरातल्या रिकाम्या पोरांचं आहे. वर्षाचे तुकडे पाडा. पेरणी, डवरणी-निंदणाचे दिवस, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी, ह्यात दोन-तीन तासच मिळतील असं धरा आणि त्यात फक्त उजळणी आणि रोजचे प्रश्न ठेवा, नवीन विषय नाही. मधल्या मोकळ्या काळात आणि उन्हाळ्यात जड विषय. ऑक्टोबरमध्ये अर्थव्यवस्था सुरू करणाऱ्याची ती कधीच पूर्ण होत नाही.

हरभऱ्या-गव्हाला रात्रीची लाईन असते, ओलितासाठी दोन-तीन वाजता उठावं लागते किंवा रानडुकरांसाठी जागलीला जावं लागते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चार तास वाचीन असं ठरवू नका, झोपा आणि दुपारी बसा. एक जण पाणी वळवता वळवता कानात चालू घडामोडी ऐकतो, छापील पुस्तकाची बरोबरी नाही होत पण पुनरावृत्ती होते. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर तापते तेव्हा दुपारी पत्र्याच्या खोलीत डोकं चालत नाही, पहाटे चार ते नऊ आणि रात्री आठनंतर, हेच खरे तास.

घरच्यांशी एकदा बसून सरळ बोला. पूर्वच्या आधीचा दीड महिना मला वावरात बोलवू नका, बाकी वर्षभर मी आहे. असं ठरवून मागितलं की बहुतेक घरं देतात.

१२. पेपर गावात येत नाही, नेट पण धड नाही. चालू घडामोडी कशा करू?

रोजचा पेपर रोजच वाचायला पाहिजे असं काही नाही. तालुक्याला आठवड्यातून एकदा जाता तेव्हा वाचनालयात आठवड्याचे पेपर एकत्र वाचा, दोन तास लागतात. महिन्याचं एक मासिक, एकच. शासनाचं 'लोकराज्य' आणि केंद्राचं 'योजना' मराठीत निघतात. नेट मिळालं की महिन्याची पीडीएफ डाऊनलोड करून ठेवा, बस.

१३. तलाठी किंवा गट-क मध्ये नाव लागलं आहे, जॉईन होऊ की राज्यसेवेसाठी थांबू?

जॉईन व्हा. याच्यावर माझं दुसरं मत नाही. घरात दर महिन्याला पगार येते, लग्नाचा विषय थंड होते, डोकं शांत होते, आणि शांत डोक्याने वाचलेले तीन तास घाबरून वाचलेल्या दहा तासांपेक्षा जास्त टिकतात. "नोकरी लागली की अभ्यास सुटते" म्हणतात, काहींचा सुटतो, पण ज्याचा सुटतो त्याच्या घरात निदान चूल पेटते ना.

ऑफिसला अर्ज केल्याचं लेखी कळवा, यूपीएससीत ही अटच आहे. आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक म्हणून जे रोज बघता, सातबारा, पंचनामे, अनुदान, ते मुख्यच्या उत्तरात आणि मुलाखतीत सोन्यासारखं कामी येते.

१४. कागदपत्रात दरवेळेस घोळ होते. नॉन-क्रिमिलेयर, केंद्राचा दाखला, लग्नानंतरचं नाव, नेमकं काय पाहिजे?

ह्यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात आणि ह्यात चूक झाली तर पास होऊन पण बाहेर जाता.

ओबीसीचा राज्याचा दाखला यूपीएससीला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागते, आणि तुमची जात महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा. व्हीजे-एनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीतच, केंद्रीय यादीत जात असेल तर तिथे तुम्ही ओबीसी. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) पण फक्त राज्यात, यूपीएससीत ते खुल्यात किंवा अटी बसल्या तर ईडब्ल्यूएसमध्ये. म्हणजे ९ अटेम्प्ट आहेत समजून चाललात आणि निघाले ६, असं होऊ शकते.

नॉन-क्रिमिलेयरची ८ लाखांची मर्यादा मोजताना केंद्राच्या निकषात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पण आईवडिलांचं पद कोणत्या वर्गाचं आहे ते वेगळं बघतात. बाबा मास्तर आहेत म्हणून दाखला निघणारच नाही असं स्वतःच ठरवून बसू नका, सेतूवाल्याला नको, एसडीओ ऑफिसमध्ये विचारा.

लग्न झालेल्या ताईंसाठी: नॉन-क्रिमिलेयर आईवडिलांवरून ठरते, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही. जातीचा दाखला पण माहेरचाच. नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा कागद जोडून ठेवा, आणि फॉर्ममध्ये दहावीच्या सनदेवर आहे तेच नाव लिहा.

ईडब्ल्यूएसचं उलट आहे, तिथे कुटुंबात नवरा-बायको पण धरतात. आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ५ एकर किंवा जास्त शेती असेल तर अपात्र. आपल्याकडे सात-आठ एकर कोरडवाहू असलेल्या घरात वर्षाला काय उरते ते सगळ्यांना माहीत आहे, पण नियम एकर बघतो. जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर आधी तपासा.

दाखल्याची तारीख फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आधीची पाहिजे. जात वैधतेचा अर्ज आजच टाका, त्याला लागतात महिने.

१५. मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलो. मधली रिकामी वर्षं विचारतात, काय सांगू?

जे केलं ते. शेती केली, ट्युशन घेतल्या, वडिलांचं दुकान पाहिलं, तेच सांगा, पण त्यातलं तपशिलात येत असलं पाहिजे. शेती केली म्हटलं आणि हमीभाव विचारल्यावर गप्प बसला तर मार्क जातील. "फक्त अभ्यास केला" हे पण चालते, त्यासोबत त्या वर्षांत काय शिकलात ते दोन वाक्यात सांगता यायला हवं. मुलाखत मराठीत देता येते, यूपीएससीत पण, त्यात कमीपणा अजिबात नाही.

यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत गेलेल्यांसाठी आयोगाचं 'प्रतिभा सेतू' आहे, तुम्ही संमती दिली तर तुमची माहिती नोकरी देणाऱ्या संस्थांना दिसते. संमतीचा रकाना रिकामा सोडू नका.

१६. परीक्षाच पुढे ढकलतात, लय तुटते. काय करायचं?

हे होणारच असं धरून चाला. एप्रिल २०२४ ची राज्यसेवा पूर्व पुढे जात जात १ डिसेंबरला झाली, २०२५ ची २८ सप्टेंबरची अतिवृष्टीमुळे ९ नोव्हेंबरला गेली. तारीख बदलली त्या दिवशी सुट्टी घ्या, दुसऱ्या दिवसापासून रोजचे पूर्वचे प्रश्न निम्मे करा आणि मुख्यचं लिखाण सुरू करा. मिळालेल्या वेळात नवीन पुस्तक विकत आणू नका.

१७. मी मुलगी आहे, घरचे म्हणतात एकच वर्ष देतो मग लग्न. कसं समजावू?

ताई, वादात जिंकून घरचे ऐकत नाहीत, कागद दाखवून ऐकतात. मार्क दाखवा, मागच्या वेळेपेक्षा किती वाढले ते दाखवा. सोबत एक नोकरीची परीक्षा पण द्या जिचा निकाल लवकर लागेल. आणि घरात एक माणूस शोधा जो तुमच्या बाजूने बोलेल, बहुतेकदा आजी किंवा मामा असतो. स्थळ आलंच तर परीक्षेची गोष्ट बैठकीतच काढा, सगळ्यांसमोर, लग्नानंतर बघू म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. यूपीएससीला महिलांना फी लागत नाही, तेव्हा पैशाचं कारण तरी कुणाला काढू देऊ नका.

१८. निकालानंतर गावात तोंड दाखवावंसं वाटत नाही, झोप लागत नाही, जगण्यात काही उरलं नाही असं वाटते.

हा मेसेज ज्यांनी पाठवला त्या सगळ्यांना मी आधी फोन करतो, अभ्यासाचं नंतर. तुम्ही पण आधी एका माणसाला सांगा, मित्र, बहीण, कुणीही. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मरणाचा विचार येत असेल तर उद्यावर टाकू नका, आत्ता फोन लावा आणि एकटे बसू नका. परीक्षा पुढच्या वर्षी पण आहे. पारावर बसून "काय झालं बे निकालाचं" विचारणाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधलेले नाही.

१९. थांबायचं कधी?

मला विचाराल तर तीन गोष्टी एकत्र आल्या की. सलग काही वेळा त्याच टप्प्यावर अडकलात, प्रश्न ३ प्रमाणे तपासून, दुरुस्ती करून पण मार्क वाढले नाहीत, आणि घरात तुमच्या कमाईची गरज खरोखर आहे. मार्क वाढत असतील तर वय संपेपर्यंत द्या, पण पहिल्या नोकरीसोबत. नुसतं "इतकी वर्षं घातली, आता कसं सोडू" हे कारण असेल तर ते कारणच नाही.

आणि थांबणं म्हणजे सगळं सोडणं पण नाही. संयुक्त गट-ब, गट-क, सरळसेवा, बँक, ह्या सगळ्यांत तुमचा निम्म्याहून जास्त अभ्यास आधीच झालेला आहे.

२०. जुनी प्रोफाईल चालते का, की नवीन काढू?

एमपीएससीची जुनीच वापरा, दुसरी काढू नका. फक्त पत्ता, प्रवर्ग, दाखल्याच्या तारखा आणि नवीन पदवी असेल तर ती अपडेट करा. यूपीएससीने २०२५ मध्ये नवीन पोर्टल आणलं, जुनी नोंदणी तिथे चालत नाही, परत करावी लागते. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी सेतू केंद्रात रांग असते आणि नेमकी लाईन जाते. फोटो, सही आणि ओळखपत्राच्या स्कॅन फाईली आजच मोबाईलमध्ये एका फोल्डरात टाका आणि एक प्रत मित्राला पाठवून ठेवा.